तावारीच्या ओढ्यात काही नाही

१७ सप्टेंबर, बुधवार

वहीच्या कव्हरवर मांजरीची पिल्लं आहेत. इव्हाने बाईंच्या शाळेच्या कपाटात एवढी एकच कोरी वही उरली होती, ती माझ्या माथी आली आणि वहीबरोबर कामही. चूक माझीच. सभा चालू असताना मी मागच्या बाकावर कलिंगड खात होतो. पुढे बसलो असतो तर वेळेवर सटकता आलं असतं.

मागच्या महिन्यात शहरातून एक बाई फॉर्म घेऊन आली होती. तुमच्या ओढ्यात कोणते प्राणी दिसतात, असं तिने घरोघर विचारलं. एकोणतीस घरं. एकोणतीस घरांनी सांगितलं, काही नाही. तिने बिचारीने तेच लिहिलं. आता अहवालात छापून आलंय की तावारीच्या ओढ्यात नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही. आणि जिथे काही नाही तिथे, म्हणजे ओढा तापाजोस नदीला मिळतो त्या तोंडावर, दगडांचा भराव टाकून सोयाबीन नेणाऱ्या बार्जसाठी कंपनीने धक्का बांधायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

आमच्याकडे ज्या पाण्यात जाळं टाकायचं त्या पाण्यात काय आहे हे तोंडाने बोलत नाहीत. बोट दाखवत नाहीत. बोललं की माणूस पानेमा होतो. म्हणजे त्याच्या हातातून मासा निघून जातो, जाळं कोरडं येतं, आणि किती महिने ते कोणी सांगू शकत नाही. हे फॉर्मवाल्या बाईला कोण सांगणार? सांगणं हेही बोलण्यातच धरतात.

चौदा ऑक्टोबरला इथे शाळेत सुनावणी आहे. हरकत असेल तर लेखी यादी द्या म्हणालेत: प्राणी, जागा, तारीख, कोणी पाहिला. सभेत सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी तेराव्या वर्षी इथून गेलो, नऊ वर्षं भटकलो. बोटीवर पोती उचलली, सांतारेंच्या बाजारात बर्फ फोडला, सोन्याच्या खाणीत तीन महिने चिखल उपसला. जूनपासून बेल्मीरो मामाच्या घरी हॅमॉक अडवून पडलोय. झेफा मामी उठून म्हणाली, "आमच्या या नेईला मासे धरता येतच नाहीत. त्याचं जाणार काय?" सगळे हसले. ठराव मंजूर.

१८ सप्टेंबर

बारा घरं फिरलो. बारा कॉफ्या झाल्या. यादीत शून्य. विचारलं की लोक छपराकडे बघतात, नाहीतर कुत्र्याला हाक मारतात. म्हाताऱ्या सेवेरियानोने तर मलाच विचारलं, खाणीत काय काय दिसलं? आणि मी मूर्खासारखा तासभर खाणीच्या गप्पा मारत बसलो.

संध्याकाळी मामा आला. होडीत तुकुनारे मासे असे रचलेले की पाय ठेवायला जागा नाही. मी काठावरूनच विचारलं, काही मिळालं का?

"काही नाही," मामा म्हणाला, आणि मासे उतरवायला टोपली मागितली.

या लोकांना मदत करायची म्हणजे भिंतीला वेणी घालायची.

२१ सप्टेंबर, रविवार

आज नकाशा काढायचं ठरवलं होतं. पण मामाने छपरासाठी झावळ्या आणायला चल म्हणून ओढलं. त्याच्या घरात खातो, नाही कसं म्हणणार.

दुसऱ्या वळणाच्या वर होडी बांधली. झावळ्या तिथे आहेतच कुठे? दोन भिकार झाडं. मामाने वल्हं आडवं ठेवलं, सिगारेट पेटवली आणि बसला. मीही बसलो. मुंग्या पँटमध्ये शिरल्या. उतारावर झाडोरा तुडवून केलेलं मोठं अंगण होतं, तिथून सडक्या मासळीचा असा वास येत होता की नाक दाबून बसलो. मग पाणमांजरं आली. लहानपणी लांबून ओरडणं ऐकलं होतं, इतक्या जवळ आज पहिल्यांदा. मामापेक्षा लांब एकेक. त्यांनी अर्धं धड पाण्याबाहेर काढून आमच्यावर जे किंचाळायला सुरुवात केली ते संपेना. एकाच्या गळ्यावर फुटक्या कपासारखा पांढरा डाग, दुसऱ्याच्या गळ्यावर दोन ठिपके, तिसऱ्याला दाढीसारखा पट्टा. दाढीवाल्याने मासा दोन हातांत धरून डोक्याकडून कचाकचा खाल्ला, माझ्याकडे बघत बघत. तीन छोटीही होती, ती नुसतीच नाक फेंदारत होती. एकूण सात. इतक्या गोंगाटात मासा कसला मिळतोय. मामा मात्र देवळात बसल्यासारखा.

सिगारेट संपली तेव्हा म्हणाला, चल. आणि आम्ही सहा झावळ्या घेऊन घरी आलो. सहा. छपराला दोनशे लागतात.

पूर्ण दिवस गेला.

२४ सप्टेंबर

नकाशा काढला. म्हणजे अर्धा. ओढा किती लांब आहे असं विचारलं तर मामा म्हणाला, अकरा सिगारेटी. हा हिशोब कोणत्या कागदावर मांडू? तोंडापासून पहिलं वळण एक सिगारेट. तिथपर्यंत पांढरी वाळू आणि नदीचं हिरवं पाणी आत शिरलेलं. त्याच्या वर पाणी काळं होतं, उकळून ठेवलेल्या कॉफीसारखं, आणि दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहतात, मधे रेघ मारावी तशी. तिसऱ्या वळणाला घोड्याचा डोह. कोणाचा घोडा, कधी बुडाला, कोणाला माहीत नाही. मग एक अरुंद गळा, झाडं दोन्ही बाजूंनी वाकलेली, आणि त्याच्या वर तळं. तळ्याच्या वर मिरिती माडांची दलदल, तिथेच कुठेतरी ओढा जन्मतो. पावसाळ्यात हे सगळं रान छातीभर पाण्यात जातं आणि मासे झाडांची फळं खायला आत शिरतात. वळणं वगैरे काही राहत नाही. मग कुठली रेघ खरी धरायची?

एवढं काढेपर्यंत पलीकडच्या वाडीत फुटबॉलची मॅच आहे असं कळलं. गेलो. तीन-एकने हरलो. आल्यावर बघितलं तर नकाशात ओढा उलटा काढलाय, नदी डोंगरावर चढतेय.

२७ सप्टेंबर

मामाने आज घोड्याच्या डोहावर नेलं, माती आणायला. चुलीसाठी म्हणे चांगली माती तिथेच मिळते. आमच्या घरामागची माती काय पाप करून आली होती?

पुन्हा तेच. वल्हं आडवं, सिगारेट. डोहाच्या कडेचं तरंगतं गवत कोणीतरी विळ्याने कापल्यासारखं एका रेषेत कुरतडलेलं, आणि पाण्यावर शेणाचे गोळे तरंगत होते. कोणाची तरी म्हैस आत शिरली असणार. मी म्हटलं, मामा, ही म्हैस कोणाची ते शोधून काढायला पाहिजे, पिण्याचं पाणी आहे. मामाने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग त्याने हनुवटी जरा पाण्याकडे केली आणि डोळे मिटले. ऊन पडलं होतं, मलाही झोप येत होती. पाण्यातून कोणीतरी झोपेत सुस्कारा सोडावा तसा आवाज आला. थोड्या वेळाने अगदी शेजारी दुसरा, लहान. दोन नाकपुड्या दिसल्या असं वाटलं, पण तोपर्यंत सिगाना पक्ष्याच्या घरट्यातून एक पिल्लू धपकन पाण्यात पडलं आणि माझं लक्ष तिकडे गेलं. त्या पिल्लाच्या पंखांना नख्या असतात. ते पोहत फांदीपाशी आलं आणि चारही पायांनी चढावं तसं पंखांनी धरून धरून वर गेलं, तोंडाने शिव्या देत. मला हसू आवरेना. मामा हसला नाही.

माती एक घमेलं. यादीत अजून शून्य. सतरा दिवस उरले.

३० सप्टेंबर

मामाशी भांडलो. मीच भांडलो, तो जाळं विणत होता. मी म्हटलं, तुम्हाला धक्का झालेला चालणार आहे का? तोंडावर भराव पडला की पाणी आत येणार नाही, मासा चढणार नाही, आणि तेव्हा गप्प बसून काय राखणार आहात? तुम्ही एक ओळ बोला, मी लिहितो, सही करा, संपलं. मी आपल्या पायांनी घरोघर फिरतोय आणि तुम्ही मला झावळ्या आणि माती वाहायला लावताय. तोंडात दगड धरून बसलेला माणूस बरा. दगड निदान कधीतरी पडेल.

मामाने सुईत दोरा ओवला आणि मागच्या दाराने गेला.

मामीने मला कसाव्याचं भरड पीठ आणि तळलेला मासा वाढला आणि समोर बसली. ऑर्लांदिनो मामाचं कधी विचारलंस का, म्हणाली. हा बेल्मीरो मामाचा धाकटा भाऊ. मला अंधुक आठवतो, शीळ घालायचा. त्याने एकदा शहरातल्या मासळीवाल्याला फुशारकीने सांगितलं की वरच्या तळ्यात पिरारुकू, म्हणजे तो माणसाहून लांब मासा, कुठल्या झाडाखाली असतो. सात महिने त्याच्या जाळ्यात खवला आला नाही. मिरचीचा धूर दिला, औषधी पाल्याने आंघोळ घातली, काही उपयोग झाला नाही. शेवटी सांतारेंला गेला, आता तिथे बाजार झाडतो. त्याचं इथलं घर तेव्हापासून बेल्मीरो मामाच्याच मासळीवर चालतं. "आमचं आणि त्यांचं, दोन घरांचं तोंड त्याच्या एका हातात आहे," मामी म्हणाली. "त्याचं तोंड उघडवू नकोस बाळा."

मला हे आधी कोणी का नाही सांगितलं, असं विचारणार होतो.

तरी पण वैताग वैतागच असतो. यादी शून्य.

४ ऑक्टोबर

पहाटे उठवलं, जळण आणायला. जळण वाळूच्या पट्ट्यावर असतं का कधी? ओढ्याच्या तोंडाशी दोघं अनवाणी चालतोय, मामा पुढे, मी जांभया देत मागे. वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखे पट्टे उमटले होते, पाण्यातून वर आणि परत पाण्यात. मी म्हटलं, कंपनीने यंत्रं आणायला सुरुवातही केली वाटतं. आणि तेवढ्यात माझा पाय मऊ जागी आत गेला. आत अंडी. गोल नाही, लांबट, वीसेक तरी. त्राकाजा कासवाची. मामाने मला दंडाला धरून बाजूला घेतलं, खड्डा पायाने हळूच बुजवला आणि एक फांदी तोडून सगळे पट्टे पुसत पुसत मागे आला, अंडी चोरणाऱ्यांना कळू नये म्हणून. त्याने पुसायच्या आत मी आपले मोजले. अकरा जोड्या. सवय वाईट, बोटीवर पोती मोजायची लागलीय.

जळण आणलं नाहीच. मामीने विचारलं तेव्हा मामा म्हणाला, ओलं होतं.

९ ऑक्टोबर

मनाउसला जाणारी बोट पंधराला आमच्या काठाला लागते. तिच्या कप्तानाने मला खलाशी म्हणून घेतो असं कबूल केलंय. पिशवी भरली. इथे मला काही जमत नाही, हे एकदाचं मान्य केलं की बरं वाटतं. काल तळ्यावर गेलो होतो, एकटाच. ढब्बकन मोठा आवाज झाला, लाल शेपटीचा केवढा तरी पिरारुकू हवा घ्यायला वर आला होता. पण यादीसाठी साक्षीदार पाहिजे आणि माझ्याबरोबर फक्त डास होते.

दुपारी इव्हाने बाई आल्या. यादी कुठे? मी पान दाखवलं. त्यावर एकच ओळ: मगर, एक, पायरीखाली, मी. तीही चिडून, साक्षीदाराशिवाय लिहिलेली. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, वहीत बाकी एवढं काय लिहिलंयस? मी म्हटलं, खाजगी आहे. त्यांनी माझ्या हातातून ती घेतली, जशी चौथीत माझ्या हातातून गलोल घेतली होती, आणि आमच्याच ओट्यावर बसून पहिल्यापासून वाचली. मी कुठे बघावं मला कळेना. कोंबड्या मोजल्या.

वाचून झाल्यावर वही मिटून मांडीवर ठेवली.

"ढ आहेस," म्हणाल्या. "तारीख आहे, जागा आहे, डागसुद्धा आहेत गळ्यावरचे. पाणमांजराचा डाग माणसाच्या अंगठ्यासारखा असतो, एकाचा दुसऱ्याला नसतो. आणि म्हैस नव्हती ती. बैलमासा होता, पिल्लासकट. गवत खातो तो, शेण तसंच असतं त्याचं."

बैलमासा. लहानपणी ऐकलं होतं, गाईएवढा असतो म्हणून. पाहिला कधी नव्हता. म्हणजे पाहिला होता.

ही वही जशीच्या तशी द्यायची, असं बाईंचं ठरलंय. उतरवून काढली तर म्हणतील नंतर रचली. मी म्हटलं, यात मामाबद्दल लिहिलंय, मामीबद्दल लिहिलंय, म्हाताऱ्या सेवेरियानोबद्दल लिहिलंय. त्या म्हणाल्या, मग पुढच्या वेळी चांगलं लिहीत जा.

१५ ऑक्टोबर

कालचं आज लिहितोय. वही परत मिळाली. पानापानावर जांभळा शिक्का आणि आकडा आहे, शाई या पानापर्यंत फुटलीय.

शाळेत बसायला जागा नव्हती. खिशाला पेन असलेल्या माणसाला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात, तसे तीन डॉक्टर टेबलामागे. मधल्याने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. शिकाऊ कारकुनाने वाचली. सगळी. बारा कॉफ्या वाचल्या, फुटबॉल वाचला. तोंडात दगड धरून बसलेला माणूस, हे वाचलं तेव्हा सगळी शाळा हसली आणि मामा आपल्या टोपीकडे बघत होता. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग कंपनीचा इंजिनियर उठला. माणूस उद्धट नव्हता, उलट मला बघून हसला. म्हणाला, या तरुणाचा प्रामाणिकपणा दिसतोच आहे. पण ज्याला बैलमासा आणि म्हैस यांतला फरक कळत नाही, कासवाची वाट आणि ट्रॅक्टरची वाट कळत नाही, त्याची साक्ष कशी धरायची? शिवाय गावातल्या एकाही जाणत्या माणसाने आजपर्यंत काही पाहिल्याचं सांगितलेलं नाही. मधल्या डॉक्टरने विचारलं, आहे कोणी?

पंखा फिरत होता. सगळे छपराकडे बघत होते. मीसुद्धा. मला मामीने सांगितलं होतं, मी काही कोणाकडे बघणार नव्हतो.

बाक सरकल्याचा आवाज आला. मामा उभा होता.

"मी बेल्मीरो. बावन्न वर्षं याच पाण्यावर आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मला अनोळखी वाटला, इतकं एकावेळी बोलताना मी त्याला ऐकलंच नव्हतं. "दुसऱ्या वळणावर पाणमांजरं आहेत. सात. चार मोठी, तीन यंदाची. बीळ उंबराच्या मुळाखाली. घोड्याच्या डोहात बैलमाशाची मादी आहे. पिल्लू तिच्या उजव्या अंगाला असतं. तोंडाच्या वाळूवर त्राकाजा चढतात, यंदा पस्तीस चढल्या. वरच्या तळ्यात पिरारुकूची जोडी आहे, पडलेल्या झाडाच्या पलीकडे." मग बोट उचललं, आणि आमच्याकडे कोणी कधी उचलत नाही तसं सरळ माझ्याकडे केलं. "पोराने बघितलंय ते खरं आहे. त्याला मी नेलं होतं."

मला वाटलं होतं, झावळ्यांसाठी नेलं होतं.

डॉक्टर लिहून घेत होता. मध्ये एकदा, जरा सावकाश, म्हणाला. मामाने सगळं परत सांगितलं, सावकाश. मामीने पदर तोंडावर घ्यावा तसा हातातला रुमाल तोंडावर धरला होता.

भरावाचं काम थांबवलंय. रद्द नाही. पुढच्या वर्षी पाणी उतरेल तेव्हा त्यांची माणसं येऊन स्वतः मोजणार, तोपर्यंत एक दगडही पडायचा नाही. लोक म्हणतात जिंकलो. इव्हाने बाई म्हणतात, एक वर्ष मिळालं.

आज दुपारी मनाउसची बोट आली. तिने दोनदा भोंगा दिला. मी मामाच्या होडीतलं पाणी उपसत होतो.

१९ ऑक्टोबर

पाच दिवस. मामा रोज पहाटे जातो आणि होडी जशी गेली तशी येते. तीच जाळी, तीच वळणं. पहिल्या दिवशी दोन पिरान्या आल्या, त्यांनी जाळं फाडलं. त्यानंतर तेही नाही. मामीने जाळ्याला मिरचीचा धूर दिला, सगळं घर खोकतंय. काल शेजाऱ्यांनी न बोलता ओट्यावर जाराकी माशांची माळ ठेवली. मामाने ती उचलली आणि तशीच ऑर्लांदिनो मामाच्या घरी पाठवली. आम्ही कसाव्याचं पीठ आणि मीठ खाल्लं.

मी म्हटलं, हे सगळं मनाचं असतं मामा, पाण्याला काय कान आहेत? त्याने जाळ्याची फाटकी जागा माझ्यापुढे सरकवली आणि सुई दिली.

राग येतो. नेमका कोणाचा, ते कळत नाही. फॉर्मवाल्या बाईचा यावा तर तिने विचारलं तेच लिहिलं. इंजिनियरचा यावा तर तो खोटं काही बोलला नाही. वहीचा येतो. मांजरीच्या पिल्लांचा येतो.

२१ ऑक्टोबर

एकटा गेलो. जाळं उलटं टाकलं. वल्हं हातातून सुटलं, अर्धा ओढा पोहून आणलं. मासे शून्य. पाणमांजरांनी पुन्हा तोंडसुख घेतलं. पण फुटक्या कपवाली आता मला ओळखते, थोडं कमी किंचाळली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा गेलो, उजाडायच्या आत. मामाने मला जिथे जिथे बसवून ठेवलं होतं त्या जागा मनात फिरवल्या. तो जिकडे तोंड करून बसायचा, तिकडे मी तेव्हा बघितलंच नव्हतं. आज तिकडे तोंड करून बसलो. सिगारेट ओढत नाही मी, म्हणून एक पेटवून होडीच्या काठावर ठेवली आणि संपेपर्यंत हललो नाही. मग जाळं टाकलं. कुठे टाकलं ते इथे लिहिणार नाही, हे पान कोणाच्याही हातात पडू शकतं.

ऊन चढल्यावर परतलो. पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून गुडघे पोटाशी घेऊन वल्हवावं लागलं. कंबर मोडली.

मामा पायरीवर बसला होता. गेले दोन दिवस तो पाण्याकडे पाठ करून बसतो, आज तोंड करून बसला होता. होडी जवळ आली तसा उठला, घोटाभर पाण्यात आला आणि दोरी धरली. होडीत त्याने बघितलं नाही.

"काही मिळालं का रे?" त्याने विचारलं.

"काही नाही मामा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, दोरीची गाठ दोनदा ओढून बघितली आणि मामीला हाक मारली की मोठी टोपली आण.